हौसेची कारागिरी व्हावी म्हणून

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या कार्यालयात या बातमीचा अर्थ नव्या खरेदीची आणखी एक फाईल, एवढाच. परतवाड्यात तिचा अर्थ निराळा आहे. मेळघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या, लाकडाच्या डेपोंच्या आणि संत्र्याच्या बाजाराच्या या गावात संगणक पुष्कळदा दुसऱ्या हाती येतो आणि चालेल तोवर चालवला जातो. शाळेची संगणक-खोली, सेतू केंद्र, लग्नपत्रिका करून देणारे डीटीपीचे दुकान, अडत्याचा हिशेबाचा कोपरा, अशा ठिकाणच्या यंत्राचा पडदा शाबूत असतो, कीबोर्ड शाबूत असतो, आणि तरी दूरच्या एका कंपनीच्या निर्णयाने ते एका दिवसात जुनाट ठरते. त्याच यंत्रावर लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली टाकली, तर ते नियमित दुरुस्त्या घेत आणखी काही वर्षे काम देऊ शकते. ती टाकणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर प्रत्येक गावात एखाद्या घरी बसलेले असते. नव्या फोनची बातमी ज्याला सर्वांआधी कळते, शेजाऱ्याच्या लॅपटॉपला जो ‘फॉरमॅट मारून’ देतो, जी मुलगी जुन्या मोबाईलवर रात्र जागून कस्टम रॉम चढवते, असा कोणी ना कोणी हौशी असतोच. घरची मंडळी या नादाला रिकामा उद्योग म्हणतात. हे पुस्तक त्या नादाची बाजू घेते, पण एक अट घालून: हातातले साधन खुले हवे. बंद सॉफ्टवेअरच्या जगात हौशी माणूस कितीही हुशार असला तरी गिऱ्हाईकच राहतो. कोणते बटण कुठे आहे हे त्याला इतरांआधी कळते. आत काय चालले आहे हे पाहण्याची सोय मात्र त्याला नसते, आणि अंदाज आला तरी बदल करण्याचा अधिकार नसतो. आपल्याकडचा मोटार रिवाइंडिंगवाला जळालेला पंप उघडतो, वेढे मोजतो, तांब्याची तार नव्याने भरतो. त्यासाठी त्याला पंप बनवणाऱ्याची परवानगी लागत नाही, म्हणूनच तो कारागीर होऊ शकला. संगणकाच्या बाबतीत हीच मोकळीक खुल्या सॉफ्टवेअरने मिळवून दिली. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ साली जीपीएल हा परवाना आला, १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. या सगळ्याचे सार चार हक्कांत सांगता येते: चालवा, वाचा, बदला, वाटा. माझे म्हणणे असे की या चार हक्कांची गरज शहरापेक्षा तालुक्याच्या गावाला जास्त आहे. शहराजवळ पैसा असतो आणि कंपनीचा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. गावाजवळ स्वतःचेच हात असतात.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आपल्या लिपीच्या इतिहासात सापडतो. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी मजकूर संगणकावर ज्या रीतीने टंकला गेला, ती रीत आजच्या मुलांना सांगूनही खरी वाटणार नाही. फाँट बनवणारा इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवी: एका क्रमांकावर काना, दुसऱ्यावर अर्धा म, तिसऱ्यावर वेलांटी. श्रीलिपीची मांडणी वेगळी, कृतिदेवची वेगळी, सी-डॅकच्या आयएसएमची आणखी वेगळी. पडद्यावर शब्द मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की नेमके ते कडबोळे समोर येई. त्या मजकुरात शब्द शोधता येत नसे, नावे अकारविल्हे लावता येत नसत, इंटरनेटवर ठेवला तर तो कोणाला सापडत नसे. वऱ्हाडातल्या साप्ताहिकांनी, छापखान्यांनी, संस्थांच्या स्मरणिकांनी त्या काळात जे टंकले, ते सगळे अशा कुलपांत आहे. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या प्रोग्रामची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. ती काढणाऱ्या कंपनीने केव्हाच तिच्याकडे पाठ फिरवली, तरी डीटीपीच्या दुकानांत ती अजून आढळते, कारण जुने काम तिच्यातच उघडते. बंद साधनाची किंमत अशी हप्त्याहप्त्याने आणि फार उशिरा वसूल होते.

हे कुलूप उघडले ते युनिकोडमुळे. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक, आणि तो क्रमांक कोणालाही पाहता येईल असा जाहीर. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण ती बेतली होती भारतीय लिप्यांच्या एका सामाईक आराखड्यावर, आणि मराठीच्या खास गरजा त्यात पुरत्या बसल्या नव्हत्या. ‘ॲ’ हे आपण रोज लिहितो ते अक्षर स्वतंत्र क्रमांक घेऊन आले ते २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. क्रमांक मिळाल्याने काम संपत नाही. जोडाक्षर पडद्यावर नीट जुळवणारा प्रोग्राम लागतो आणि त्या अक्षरांचा फाँट लागतो. ‘लक्ष्मी’तला ‘क्ष्मी’ अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आणि लिबरऑफिसमध्ये जो जुळवतो त्या प्रोग्रामचे नाव हार्फबझ, आणि तो खुला आहे. रेड हॅटने पुढे आणलेले लोहित, मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त, राज्य मराठी विकास संस्थेने करवून घेतलेला यशोमुद्रा, हे फाँटही खुल्या परवान्याचे आहेत. म्हणजे एखादे जोडाक्षर मोडके दिसत असेल, तर परतवाड्यातला विद्यार्थी त्या प्रोग्रामचा मजकूर आज उघडून वाचू शकतो, चूक दाखवू शकतो, दुरुस्ती पाठवू शकतो. श्रीलिपीच्या काळात असे काही करण्याची वाटच त्याला नव्हती.

कुलूपबंद मजकूर म्हणजे काय असते, हे वऱ्हाडाने फार पूर्वी पाहिले आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ प्रत नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो अनुयायांच्या स्मरणात होता म्हणून. निरनिराळ्या माणसांनी आठवून तो पुन्हा उभा केला, म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. त्यानंतर महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्या अस्थिर काळात आपले धन जपण्याचा तो उपाय होता आणि त्यामागची धास्ती खोटी नव्हती. परिणाम मात्र असा झाला की मराठी गद्याचा हा आद्य ठेवा उरलेल्या मराठी वाचकांना कित्येक शतके दिसलाच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. एकाच परंपरेतल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात: जे अनेकांजवळ होते ते प्रत जाऊनही टिकले, आणि ज्याची किल्ली मोजक्यांजवळ होती ते असूनही नसल्यासारखे झाले. सॉफ्टवेअरच्या जगात हेच आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. ओपनऑफिस हे खुले कार्यालयीन सॉफ्टवेअर सांभाळणारी सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर त्याच्या बऱ्याच कार्यकर्त्यांनी २०१० साली त्याची प्रत घेऊन लिबरऑफिस उभे केले. ते आजही चालते आणि मराठीतही मिळते. उलट ऑर्कुट हे गूगलचे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा ते चालू ठेवणे त्यावर वर्षानुवर्षे जमलेल्या माणसांच्या हाती नव्हते.

आता आक्षेप. पहिला कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांत बळकट तोच आहे: विंडोज तरी कोण विकत घेतो? तालुक्याच्या गावात लिनक्सची खरी स्पर्धा विकतच्या विंडोजशी नसून क्रॅक केलेल्या विंडोजशी आहे. पेनड्राइव्हवर सगळे फुकट फिरत असेल, तर खुल्या सॉफ्टवेअरच्या फुकटपणाचे कौतुक कोणाला? म्हणूनच या पुस्तकात पैशांचा मुद्दा मी पुढे केलेला नाही. क्रॅक करणाऱ्या अनोळखी माणसाने आत काय पेरले आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि सुरक्षा-दुरुस्ती घेतली तर क्रॅक उघडा पडेल या भीतीने ती बंद ठेवली जाते. ज्या यंत्रावरून लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची पासबुके रोज जातात, त्या यंत्राची ही अवस्था मला गंभीर वाटते. त्याहून मोठे नुकसान शिकण्याचे आहे. चोरीची प्रत वापरणारा कंपनीच्या मर्जीतून सुटत नाही, आणि तिच्या पोटात डोकावण्याची संधीही त्याला मिळत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. नोकरीच्या जाहिरातीत एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा मागतात, टंकलेखनाची परीक्षा ठराविक वातावरणात होते, कार्यालयात वर्ड आणि एक्सेल चालते; मग पोराला लिनक्स शिकवून काय उपयोग? एमएस-सीआयटीने २००१ पासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत संगणकाची भीती घालवली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण एका कंपनीच्या पडद्यावरची बटणे पाठ होणे आणि संगणक समजणे यांत अंतर आहे, आणि बटणे दर आवृत्तीत जागा बदलतात. केरळने आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाखाली खुल्या प्रणालीवर संगणक शिकवला, दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावरच घेतली. तिथली मुले त्यामुळे नोकरीत मागे पडल्याचा दाखला कोणी देत नाही. आपल्या देशातल्या खालच्या न्यायालयांत ई-कोर्ट्स प्रकल्पाने उबुंटू लिनक्स नेले आणि केंद्र सरकारने २०१५ साली खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. शिकवायला माणूस नाही, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा उपाय हाताशी आहे. एकट्याने बसून शिकता येतील असे छोटे छोटे धडे, त्यांतले पुष्कळ मराठी आवाजात. परतवाड्यातल्या शाळांनी हे धडे वापरले नाहीत, तर दोष साधनाचा म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की खुले सॉफ्टवेअर व्यवसायाच्या कामाला पुरे पडत नाही. काही ठिकाणी हे खरे आहे आणि ते कबूल केल्याने माझी बाजू लंगडी होत नाही. फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्या दुकानदाराला कोरलड्रॉ सोडून उद्यापासून इंकस्केप वापर, असे मी सांगणार नाही. छपाईच्या चार रंगांचा हिशेब इंकस्केपला अजून नीट साधलेला नाही. टॅलीवर बसलेल्या मुनीमजींनाही हलवण्याचे कारण नाही. विरोधक म्युनिक शहराचा दाखला देतात. तिथल्या महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जायचे ठरवले, हजारो संगणक बदलले आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०२० साली तिथल्या नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे ठरवले, आणि २०२४ साली जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे तीस हजार सरकारी संगणकांवर लिबरऑफिस नेण्याचा निर्णय घेतला. म्युनिकवरून एवढे कळते की वरून आलेला हुकूम सत्ता बदलली की उलटतो. वापरणाऱ्यांमध्येच जाणकार तयार झालेले असतील, तर तो उलटवणे जड जाते.

चौथा आक्षेप सुरक्षेचा, आणि मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा तोच. ज्याचा आतला मजकूर सगळ्यांना दिसतो, तो चोरालाही दिसणार. २०१४ साली ओपनएसएसएल या खुल्या सुरक्षा-साधनात हार्टब्लीड नावाचे भोक सापडले, ते दोन वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. २०२४ च्या मार्चमध्ये तर त्याहून भयंकर प्रकार उघड झाला. एक्सझेड नावाचे फाइली आवळून लहान करणारे एक साधन एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. कोणीतरी खोट्या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, विश्वास कमावला आणि शेवटी त्या साधनात चोरदरवाजा बसवला. जगभरच्या सर्व्हरांवर तो पोचण्याच्या बेतात असताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपले लॉगइन नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होत असल्याचे खटकले. त्याने मजकूर उघडून पाहिला आणि चोरी सापडली. उघडून पाहता आले, म्हणून सापडली. बंद सॉफ्टवेअरमध्ये तो फार तर तक्रार नोंदवून थांबला असता. पण मजकूर खुला आहे एवढ्यावर विसंबून राहणेही बरोबर नाही. वाचणारी, खटकलेले तपासणारी, थकलेल्या माणसाचा भार उचलणारी माणसे लागतात. पैसा हा त्याचा एक भाग झाला, आणि झिरोधा या भारतीय कंपनीने २०२४ साली अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला, हे चांगलेच झाले. दुसरा भाग माणसांचा. जगातल्या हौशी लोकांची संख्या वाढणे ही या व्यवस्थेची गरज आहे, आणि ते लोक फक्त बंगळुरूत आणि पुण्यातच असावेत असा काही नियम नाही.

गॅजेटांच्या नादालाही हाच न्याय लागतो. इटलीतून २००५ साली निघालेला आर्डुइनो, २०१२ चा पस्तीस डॉलरचा रास्पबेरी पाय आणि आता काही शे रुपयांत मिळणारा ईएसपी३२ या छोट्या संगणक-पाट्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे दार हौशी माणसासाठी उघडले. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या पट्ट्यात याचा उपयोग शोधायला लांब जावे लागत नाही. संत्र्याचा बहार धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो, पाणी तोडावे लागते, आणि तो ताण किती झाला हे माती व पाने पाहून अनुभवाने ठरवले जाते. मातीतला ओलावा मोजून लिहून ठेवणारे साधे यंत्र एखाद्या अकरावीच्या मुलीने बनवले, तर तिच्या वडिलांच्या अनुभवाला आकड्यांची जोड मिळेल. रात्रीच्या विजेवर मोबाईलने मोटार सुरू करणारे तयार ऑटो-स्टार्टर बाजारात आहेत आणि शेतकऱ्यांना त्यांचा आधार आहे. पण ज्या यंत्राचा जीव कंपनीच्या ॲपमध्ये आहे, ते कंपनीबरोबर मरते. स्वतः बनवलेले दुरुस्त होते. एक सूचना इथेच देऊन ठेवतो: थ्री-फेजच्या बाजूला हौसेने हात घालू नये, ते काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.

खुल्या साधनांची खरी कसोटी जिथे बाजार पोचत नाही तिथे लागते, आणि ती जागा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढला की सुरू होते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी आणि मुंडारीची नातलग. २०११ च्या जनगणनेत तिचे बोलणारे सात लाखांवर होते. एवढ्या आणि अशा ग्राहकांसाठी कोणती कंपनी स्वतःहून कोरकू कीबोर्ड, कोरकू शब्दकोश, कोरकूचा शुद्धलेखन तपासनीस बनवेल? संथाळीने वेगळी वाट दाखवली आहे. ज्या युनिकोड ५.१ मध्ये आपला ‘ॲ’ आला, त्याच आवृत्तीत संथाळीची ओल चिकी लिपी आली, आणि २०१८ साली संथाळी विकिपीडिया सुरू झाला. त्यामागे भाषेवर प्रेम करणारे लोक होते, आणि ज्यांच्यात कोणालाही भर घालता येते अशी साधने होती. मराठी विकिपीडिया तर २००३ पासून चालू आहे. कोरकूसाठी नवी लिपीही लागत नाही, ती देवनागरीत लिहिली जाते. शब्दांची यादी, थोडे शिक्षक आणि दोन-चार हौशी मुले एवढ्या भांडवलावर सुरुवात होऊ शकते. परतवाडा हे मेळघाटाचे बाजाराचे गाव. हे काम परतवाड्याने करायचे नाही, तर कोणी करायचे?

सध्या ज्याचा बोलबाला आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल इथे थोडेच लिहितो, पुढे एक प्रकरण त्यावरच आहे. आज ‘खुले’ म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ मॉडेलांचे फक्त शिकून झालेले आकडे मोकळे असतात. ती कशावर शिकली हे झाकलेले असते आणि काहींच्या परवान्यांत वापरावर बंधने असतात. म्हणून नव्या नावावर भाळण्याआधी परवाना वाचण्याची सवय लावून घ्यावी. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्ये वाचून आवाज देता येतो आणि तो संग्रह सर्वांना मोकळा आहे. त्यात वऱ्हाडी गळ्यातले आवाज पडले नाहीत, तर उद्याची यंत्रे आपले बोलणे चुकीचे ऐकतील.

पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी परतवाडा-अचलपूरच्या छापखानेवाल्यांना, संस्थाचालकांना आणि ग्रंथपालांना एक विनंती आहे. तुमच्या कपाटात आणि हार्डडिस्कवर जुन्या फाँटांतला जो मजकूर पडून आहे, तो आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्या. छापील प्रतच उरली असेल, तर टेसरॅक्ट हे खुले साधन मराठी छापील पान वाचून त्याचा मजकूर करून देते. चुका राहतात, त्या हाताने तपासाव्या लागतात. हे काम गावातल्या मुलांकडून करून घ्या, त्यांना त्याचे पैसे द्या, आणि ते यंदाच सुरू करा. ज्या यंत्रांवर आणि ज्या फाँटांत त्या फाइली उघडतात, ती यंत्रे फार वर्षे चालणार नाहीत.